आई-बाबा पहिल्यांदाच विमानानं मुंबईला निघालेत: उजळाईवाडी ते डोंबिवली

गारगोटीच्या एका ताईंनी विचारलंय: "आई-बाबा पहिल्यांदाच विमानानं कोल्हापूरहून मुंबईला जाणार आहेत. बाबा अडुसष्ट वर्षांचे, गुडघे दुखतात. भाऊ डोंबिवलीला राहतो, पण त्याला सुट्टी मिळेलच असं नाही. मुंबईच्या एवढ्या मोठ्या विमानतळावर ती दोघं हरवणार तर नाहीत? बाहेर पडल्यावर टॅक्सी, मेट्रो, लोकल यातलं काय घ्यायचं?"

ताई, राजारामपुरीत बसून गेली बावीस वर्षं मी लोकांची तिकिटं काढतोय आणि वर्षातून चार-सहा वेळा वयस्कर मंडळींचे ग्रुप स्वतः घेऊन जातोय. त्या अनुभवावरून सांगतो, आई-बाबा हरवणार नाहीत. विमानतळाच्या आत हरवायला जागाच कमी असते, सगळा लोंढा एकाच दिशेनं चाललेला असतो. माणूस गोंधळतो तो बाहेरच्या दारात, सामानाची ट्रॉली घेऊन उभा राहिला की. कारण "आता कुठं जायचं" हे घरातून ठरवून निघालेलं नसतं. म्हणून आपण शेवटच्या ठिकाणापासून मागं मागं येत जाऊ.

मुंबईत "विमानतळावरून गावात" असं काही नसतं, हे पहिल्यांदा मनात पक्कं करा. आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावरून निघालं की नऊ-दहा किलोमीटरवर कोल्हापूर, विषय संपला. मुंबई दक्षिणोत्तर लांबलचक पसरलीय आणि विमानतळ आहे मधोमध, अंधेरी-पार्ल्याला. गिरगावला जाणाऱ्यानं दक्षिणेकडे जायचं, बोरिवलीच्या माणसानं उत्तरेकडे आणि डोंबिवलीच्या माणसानं पूर्वेला आडवं जायचं. तिघांची वाहनं वेगळी. त्यामुळं शेजाऱ्यानं "मी तर मेट्रोनं गेलो, पन्नास-साठ रुपयांत काम झालं" म्हटलं तरी तो कुठं गेला होता ते आधी विचारा.

आता तुमचं डोंबिवली. मेट्रो-लोकलचा रस्ता असा: टी-२ ला, म्हणजे टर्मिनल दोनला उतरलात तर बाहेर भुयारी मेट्रोचं स्टेशन आहे. ही मेट्रो ३. तिथून आरे जेव्हीएलआर या शेवटच्या स्टेशनाच्या दिशेनं एकच स्टेशन, मरोळ नाका. तिथं वर येऊन मेट्रो १ पकडायची, ती घाटकोपरला नेते. घाटकोपरला पूल ओलांडला की मध्य रेल्वे, आणि कल्याणकडची कोणतीही फास्ट लोकल डोंबिवलीला सोडते. स्वस्त आहे, आणि दुपारी बारा ते चारच्या मधे तरुण माणसाला हाच रस्ता मी सांगतो.

पण आई-बाबांना सांगणार नाही. तीन वाहनं बदलायची, दोनदा तिकीट किंवा कार्ड, सरकते जिने, पूल, आणि शेवटी लोकल. संध्याकाळी पाच ते नऊ घाटकोपरच्या फलाटावर डोंबिवलीच्या गाडीत चढायचं म्हणजे रोज जाणाऱ्यालासुद्धा अंगातली ताकद पणाला लावावी लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हातात बॅग घेऊन त्या गर्दीत पाठवणं मला पटत नाही. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, इथं नको. टी-२ ते डोंबिवली पस्तीस-चाळीस किलोमीटर आहे, सरळ गाडी करा. दुपारी दीड तासाच्या आसपास, संध्याकाळी शिळफाट्याला अडकलं तर अडीच तास धरा. म्हणूनच तिकीट काढताना शक्य असेल तर मुंबईत दुपारी एकच्या आसपास पोचणारं विमान बघा. विमान निवडताना दरापेक्षा पोचायची वेळ आधी बघायची, हे मी प्रत्येक वयस्कर प्रवाशाच्या मुलामुलींना सांगतो.

गाडी कशी करायची? तीन सरळ मार्ग आहेत. एक, भावानं डोंबिवलीत बसून त्याच्या मोबाइलवरून ओला किंवा उबर बुक करायची आणि गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा फोन आणि ओटीपी आई-बाबांना फोनवर सांगायचा. हे सोपं वाटतं, पण ॲपच्या गाड्या उभ्या राहायची जागा ठरलेली असते आणि ती दारासमोरच असते असं नाही. तिथंवर पाट्या बघत, लिफ्टनं जावं लागतं. ज्यांना फोनवर बोलत बोलत चालायची सवय नाही, त्यांची इथं त्रेधा होते. दोन, आगमनाच्या भागातल्या प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर जायचं, "डोंबिवली पूर्व, अमुक नाका" सांगायचं, पैसे भरायचे, पावती घ्यायची. पावतीवर गाडीचा नंबर असतो. माझ्या मते तुमच्या आई-बाबांसाठी हेच बरं. मोबाइल नको, घासाघीस नको. फक्त एक करा: पावतीचा ड्रायव्हरचा भाग डोंबिवलीत घरासमोर उतरल्यावरच द्यायचा, आधी नाही. तीन, भावाच्या ओळखीचा डोंबिवलीचाच गाडीवाला पाठवायचा. मग दोघांनी बाहेर आल्यावर जवळच्या खांबावरचा किंवा गेटवरचा नंबर वाचून फोनवर सांगायचा. "आम्ही दाराजवळ उभे आहोत" यानं ड्रायव्हरला काही कळत नाही. नंबर सांगितला की तो बरोबर येतो.

बाहेर पडताच दोन-चार जण "काका टॅक्सी, कुठं जायचंय?" करत जवळ येतील. आई-बाबांना एकच वाक्य पाठ करून द्या: "गाडी आलीय." एवढं म्हणून चालत राहायचं. तुम्ही रांगेत किंवा खिडकीवर गेल्यावर मिळते तीच खरी टॅक्सी, आपण होऊन तुमच्याकडे येते तिच्यात बसू नये. बॅगेला दुसऱ्यानं हात लावू द्यायचा नाही. आपल्याकडची माणसं भिडस्त. कुणी बॅग उचलली की "नको हो" म्हणत त्याच्या मागं चालायला लागतात, आणि गाडीत बसल्यावर भाडं कळतं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, म्हणून कळकळीनं सांगतो.

रिक्षाबद्दल एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांना माहीत नसते. मुंबईत रिक्षा फक्त उपनगरात चालते. पश्चिमेला वांद्र्याच्या पुढं माहीमकडं आणि पूर्वेला सायनच्या पुढं ती जात नाही. दादरला जायचंय म्हणून रिक्षात बसलात तर अर्ध्यात उतरून टॅक्सी शोधावी लागेल. अंधेरी, पार्ले, कुर्ला इथपर्यंत जायचं असेल तर रिक्षा चांगली. मीटरनं जाते, फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं २६ रुपये, काळी-पिवळी टॅक्सीचं ३१. रात्री बारानंतर पहाटे पाचपर्यंत त्यावर पाव पट जास्त, ते नियमाचं आहे, वाद घालू नका.

डोंबिवलीचं झालं. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोग व्हावा म्हणून दक्षिणेकडं जाणाऱ्यांचं सांगतो, कारण तिथं सगळंच बदललंय. मेट्रो ३ चा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मधे आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) सुरू झाला, मे २०२५ मधे ती वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत गेली आणि ऑक्टोबर २०२५ मधे थेट कफ परेडपर्यंत. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्टेशनं. टी-१ आणि टी-२ दोन्हीकडं तिचं स्टेशन आहे. तिकीट १० ते ७० रुपयांच्या मधे. पूर्वी विमानातून उतरून कोल्हापूरची रात्रीची महालक्ष्मी पकडायची म्हटली की रिक्षानं अंधेरी, लोकलनं दादर, तिथून पूल ओलांडून मध्य रेल्वे, असा बॅगा ओढत प्रवास. आता टी-२ ला मेट्रोत बसलं की एकही गाडी न बदलता सीएसएमटी, आणि महालक्ष्मी एक्सप्रेस तिथूनच सुटते. परदेशातून आलेली आपली पोरं कोल्हापूरला येताना हा मार्ग घेतात तेव्हा मला खरंच बरं वाटतं. फक्त मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास थांबते, आणि हातात दोन मोठ्या बॅगा असतील तर सकाळ-संध्याकाळची ऑफिसची वेळ टाळा.

मेट्रोच्या दोन खाणाखुणा लक्षात ठेवा. मेट्रो १ वर "एअरपोर्ट रोड" नावाचं स्टेशन आहे. नावाला भुलून तिथं उतरू नका, तिथून टर्मिनलला परत रिक्षा करावी लागते. आणि मेट्रो ३ चं दादर स्टेशन पश्चिमेकडं आहे, रेल्वेच्या दादरपासून चालत अंतर पडतं. दादरवरून कोल्हापूरची रेल्वे पकडायचा बेत असेल तर त्यापेक्षा सीएसएमटीलाच जा, तिथं मेट्रो रेल्वे स्टेशनाला लागूनच आहे आणि गाडी फलाटावर लागलेली असते. टाटा हॉस्पिटलला पेशंट घेऊन जाणाऱ्यांना मात्र मी मेट्रो सांगत नाही. परळला त्या दाराशी सोडणारं स्टेशन त्या मार्गावर नाही. प्रीपेड टॅक्सी करा, पेशंटची ताकद तपासणीसाठी राखा.

आता मागं येऊ, टर्मिनलकडं. मुंबईच्या एकाच विमानतळाला दोन टर्मिनल आहेत. टी-१ पार्ल्याच्या बाजूला, जुनी माणसं त्याला अजून सांताक्रूझ म्हणतात. टी-२ सहारला, अंधेरी पूर्वेत. धावपट्ट्या त्याच, पण रस्त्यानं एकाकडून दुसरीकडं जायला चार-पाच किलोमीटरचा वळसा पडतो. पूर्वी सरळ होतं, देशातलं विमान सांताक्रूझ आणि परदेशातलं सहार. नवीन टी-२ फेब्रुवारी २०१४ मधे सुरू झालं आणि पुढं देशातली बरीच विमानंही तिकडं गेली. त्या काळात माझ्या ओळखीचं एक जोडपं परतीला "देशातलं विमान म्हणजे सांताक्रूझ" म्हणून टी-१ ला जाऊन उभं राहिलं. विमान होतं टी-२ वरून. पोचेपर्यंत काउंटर बंद. तेव्हापासून मी तिकिटाच्या प्रिंटवर टर्मिनलच्या आकड्याभोवती लाल पेननं गोल करूनच कागद हातात देतो. कंपन्या टर्मिनल बदलतात, त्यामुळं मागच्या वेळी कुठं होतं यावर जाऊ नका, या तिकिटावर काय लिहिलंय ते आदल्या दिवशी पुन्हा बघा. आणायला येणाऱ्या भावालाही तेच सांगा.

त्यात आता तिसरं ठिकाण आलंय. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झालाय, पनवेलजवळ उलव्याला. तिकिटावर "मुंबई" दिसलं की पुढची तीन अक्षरं वाचायची: बीओएम म्हणजे अंधेरी-पार्ल्याचा जुना, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा. दोन्हींच्या मधे अख्खी खाडी आहे. कोल्हापूरहून रस्त्यानं जाऊन पुढं विमान पकडणाऱ्यांना नवी मुंबई सोयीची, एक्सप्रेस वे कळंबोलीला संपला की मुंबईच्या गर्दीत शिरायच्या आधीच विमानतळ. डोंबिवलीलाही तो अडचणीचा नाही, तळोज्याकडून रस्ता आहे. पण घ्यायला येणारा माणूस एकीकडं आणि उतरणारे दुसरीकडं, असं झालं तर दोन तासांचा खेळखंडोबा.

मुंबईत उतरल्यावर आतलं फार नाही. दार उघडलं तरी घाईनं उठायचं नाही, शेवटी उतरलं तरी चालतं. विमान लांब उभं राहिलं तर बसनं टर्मिनलला नेतात. "अरायव्हल" आणि "बॅगेज" लिहिलेल्या बाणांमागं चालायचं. सामान येतं त्या फिरत्या पट्ट्यावर वर बोर्ड असतो, तिथं आपल्या विमानाचा नंबर शोधायचा. बॅगा सगळ्यांच्या काळ्या नाहीतर निळ्या. माझ्याकडं जुन्या फेट्यांच्या कापडाच्या चिंध्या करून ठेवल्यात, गुलाबी-केशरी, हाताएवढ्या. प्रत्येक ग्रुपच्या बॅगेच्या मुठीला एक बांधतो. पट्ट्यावर पन्नास बॅगांत ती गाठ लांबून ओळखू येते, आणि आजी-आजोबा स्वतःच "ती बघा आपली" म्हणून हात करतात. तुम्ही घरातलं एखादं जुनं लुगडं फाडून बांधलंत तरी चालेल.

बॅग मिळाली की बाहेर पडायच्या आधी, आतच, तीन कामं उरका: बाथरूम, पाणी आणि भावाला फोन. एकदा दाराबाहेर गेलं की परत आत घेत नाहीत.

राहिलं आपलं कोल्हापूर. उजळाईवाडीला ५ जानेवारी १९३९ ला राजाराम महाराजांच्या काळात विमानतळ सुरू झाला, आणि मार्च २०२४ मधे नवीन टर्मिनल झालं. छोटं, स्वच्छ, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला शिकायला एकदम योग्य. इथं सगळं एका नजरेत दिसतं. काउंटर सहसा तासभर आधी बंद होतं, म्हणून दोन तास आधी पोचा. गारगोटीहून निघताना मुदाळ तिट्ट्यापासून शहरापर्यंत ऊस वाहतुकीच्या दिवसांत ट्रॅक्टरमागं किती वेळ जातो ते तुम्हाला माहीत आहेच, आणि पुढं हायवेची कामं. त्याचा वेगळा एक तास धरा. पावसाळ्यात ढग खाली आले की विमान उशिरा होतं, कधी रद्दही होतं. जून ते ऑगस्टमधे दुसऱ्या दिवशीचं महत्त्वाचं काम, कोर्टाची तारीख, डॉक्टरची वेळ असेल तर एक दिवस आधी निघा.

बाबांसाठी व्हीलचेअर मागा. तिकीट काढतानाच सांगायचं, निदान ४८ तास आधी. आपल्याकडं माणसं लाजतात. "मी काय पांगळा आहे का" म्हणतात. त्यांना एवढंच सांगा की खुर्ची ढकलणारा माणूस रांगांतून, तपासणीतून, मुंबईत सामानाच्या पट्ट्यापर्यंत आणि बाहेरच्या दारापर्यंत बरोबर असतो. तुम्हाला आई-बाबा हरवायची जी भीती आहे तिच्यावरचा सगळ्यात चांगला उपाय तोच. आईनं फक्त खुर्चीच्या शेजारून चालायचं.

तिकिटावरचं नाव आधारवर आहे तसंच हवं. आपल्याकडं आधारवर माहेरचं आणि तिकिटावर सासरचं असा घोळ आईच्या बाबतीत हमखास होतो. आजच काढून बघा. मूळ आधार कार्ड हातातल्या पिशवीत, प्रत दुसरीकडं.

सामानाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आई लेकाकडं रिकाम्या हातानं जाणार नाही. बहुतेक तिकिटांवर मोठी बॅग १५ किलो आणि हातातली ७ किलो. कांदा-लसूण चटणी, मिरची पूड, मसाला, मिरचीचं लोणचं हे सगळं मोठ्या बॅगेत, हातातल्या पिशवीत नाही. तपासणीत काढून ठेवतात, आणि घरची वर्षाची चटणी तिथं सोडून जाताना आईच्या जिवाला किती लागेल विचार करा. डबल पिशवी करा, वरून टॉवेलात गुंडाळा. गूळ कुठंही चालतो. अंबाबाईचा प्रसाद म्हणून नारळ किंवा सुकं खोबरं नेऊ नका, खोबऱ्यात तेल असतं, ते पेटू शकतं म्हणून अडवतात. पेढे न्या. पॉवर बँक उलट, ती हातातल्या पिशवीतच, मोठ्या बॅगेत अजिबात नाही. आणि बाबा पान खात असतील तर चंचीतला अडकित्ता आधी काढून मोठ्या बॅगेत टाका. एका आजींचा पितळी अडकित्ता, सासूनं दिलेला, तपासणीच्या ट्रेमधे असाच निघाला होता. वेळ हाताशी होती म्हणून मी पळत बाहेर जाऊन सोडायला आलेल्या नातवाच्या हातात देऊन आलो. आजी मुंबईपर्यंत तोच विषय बोलत होत्या.

विमान खाली उतरताना कानांना दडे बसतात, कान दुखतात. दोघांच्या खिशात दोन-दोन लिमलेटच्या गोळ्या द्या, उतरायला लागलं की चघळायची. पहिल्यांदा जाणाऱ्याला घाबरायला होतं ते बऱ्याचदा या कानांमुळंच, आणि हे आधी सांगितलेलं असलं की घाबरत नाहीत.

एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून बाबांच्या शर्टाच्या खिशात ठेवा: विमान नंबर, टर्मिनल, भावाचा आणि तुमचा नंबर, डोंबिवलीचा पूर्ण पत्ता पूर्व की पश्चिम सकट, आणि खाली "प्रीपेड टॅक्सी". फोनची बॅटरी जाते, कागद राहतो. पूर्व-पश्चिम विसरू नका, डोंबिवलीत चुकीच्या बाजूला उतरलं तर पूल ओलांडत अर्धा तास जातो.

परतीला विमानच हवं असं नाही. डोंबिवलीहून परत विमानतळ गाठण्यापेक्षा महालक्ष्मी कल्याणला थांबते, घरापासून पुढचं-पुढचंच स्टेशन. भाऊ स्वतः डब्यात बसवून देईल, खालचा बर्थ मिळाला की बाबा आडवे, सकाळी कोल्हापूर. त्याचं आरक्षण लवकर भरतं, तेव्हा जायच्या विमानाचं तिकीट काढाल त्याच दिवशी परतीचंही बघा. तारीख ठरली की विमानाची पोचायची वेळ मला कळवा. संध्याकाळची असेल तर डोंबिवलीचा गाडीवाला आधी ठरवून ठेवू, तो टर्मिनलला येऊन उभा राहील.